आक्कांची हंगामबंद रजा

जानेवारीत निपाणीला सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते. आमच्या कचेरीत तेव्हा माने अण्णा कानटोपी घालून बसतात, मी शाल गुंडाळून बसते आणि कांबळे आक्का पंखा पाचावर करून बसतात. पाच हा आमच्या पंख्याचा शेवटचा आकडा. सहा असता तर आक्कांनी तोही सोडला नसता.

नुसता पंखा असता तर एक वेळ सोसलं असतं. पण आमची कचेरी म्हणजे तंबाखूच्या वखारीची माडी. खाली बायका तंबाखू चाळत असतात आणि तिचा खकाणा जिन्यानं वर येतो, खिडकीनं येतो, फटीफटीतून येतो. आक्कांना खिडकी सताड उघडी लागते. खिडकीनं खकाणा आत घ्यायचा आणि पंख्यानं तो सर्वांना सारखा वाटून टाकायचा, असा रोजचा कार्यक्रम. मग आम्ही शिंकतो. सुरुवात माने अण्णांनी करायची, मी पाठोपाठ, आणि शेवटी आतल्या केबिनमधून हिरेमठ साहेबांची एक मोठी शिंक. ती झाली की कचेरी सुरू झाली असं समजायचं.

आक्का मात्र कधी शिंकत नाहीत. त्यांची आई याच वखारीत चाळणीवर होती आणि तान्ह्या आक्का पोत्यांच्या आडोशाला बांधलेल्या झोळीत निजायच्या. नाकाला तेव्हापासूनची सवय. पुढं शिकल्या, कन्नड शिकल्या, टायपिंग शिकल्या आणि खालच्या बायकांच्या डोळ्यांदेखत हा जिना चढून टेबलाशी येऊन बसल्या. हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत. माने अण्णा गोदाम सांभाळतात आणि वखारीतला सगळा जुना इतिहासही सांभाळतात, ते सांगतात.

"आक्का, पंखा जरा कमी करू?" मी रोज एकदा विचारते.

"का गं, वैशे? थंडी वाजायलीया?"

"दात वाजायलेत."

"दोन घास जास्त खाईत जा. अंगात रगात न्हाय तुझ्या."

"आणि तुमच्या अंगात काय आहे?"

"मला काय धाड भरलीया?"

हे त्यांचं पालुपद. पाय मुरगळून सुजला तरी धाड भरलेली नसते, डोकं बांधून बसल्या तरी नसते. उकाड्याच्या बाबतीत तर आक्कांनी स्वतःकडं कधी दोष घेतलाच नाही. मला गरम होतंय असं त्या म्हणत नाहीत, हवाच फिरलीया म्हणतात. नाहीतर खाली कुणीतरी शेगडी पेटवलीया म्हणतात. तंबाखूच्या वखारीत साधी काडी ओढायला बंदी, तिथं शेगडी कोण पेटवणार. तरी वॉचमनला दोनदा खाली पाठवून त्यांनी खात्री करून घेतली आहे. सकाळी एसटीतून उतरताना खानापूरकडच्या कंडक्टरला विचारतात, "तिकडंबी उकडायलंय का रं?" तो बिचारा मफलर नाकावर घेऊन बसलेला असतो. तो मफलर सोडून त्यांच्याकडं नुसता बघतो.

मी शेजारच्या टेबलावर, त्यामुळं मला सगळं दिसायचं. बोलता बोलता आक्का मध्येच थांबायच्या. मानेवरून लाली चढत कानापर्यंत जायची, वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहायचे. त्या रुमाल पाण्याच्या तांब्यात बुडवायच्या, मानेला लावायच्या आणि खिडकीबाहेर असं बघत राहायच्या की कुणाला वाटावं, ट्रक मोजताहेत. जरा वेळानं ते ओसरायचं आणि घाम गार व्हायचा. मग हात पुढं करून म्हणायच्या, "दे गं ती शाल." पुन्हा थोड्या वेळानं शाल माझ्या टेबलावर येऊन पडायची. माझी एकच शाल, पण दिवसभर तिच्या एवढ्या फेऱ्या व्हायच्या की घरी नेईपर्यंत ती कुणाची हे मलाच आठवेनासं व्हायचं.

एकदा त्यांना "पोतं" हा शब्द आठवेना. वखारीत जन्म काढलेली बाई. फोनवर व्यापाऱ्याला सांगताहेत, "अहो ते आपलं, ज्यात भरत्यात ते, ते... शिवत्यात बगा वरनं." तो पलीकडून विचारतोय, काय शिवायचं. माने अण्णा पोट धरून हसले, मीही हसले, आक्कासुद्धा हसल्या. दुपारी पाणी प्यायला उठले तेव्हा त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि आपल्याशीच म्हणत होत्या, "पोतं. पोतं. पोतं." मी पाणी न पिताच परत आले.

आक्कांचा खरा शत्रू म्हणजे सुट्टी. आम्ही सगळे दुसऱ्या शनिवारकडं डोळे लावून बसतो. शुक्रवारी संध्याकाळी आक्कांचा चेहरा उतरलेला असतो. हे काम सोमवारी केलं तर चालेल का, ते राहिलंय ते उद्या येऊन करू का, असं त्या वॉचमन किल्ल्या वाजवत उभा राहीपर्यंत चालवतात. लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघींचं घर होतं, निपाणीजवळच्या गावात, दोन खोल्यांचं. मागल्याच्या मागल्या दिवाळीत आई गेली. भाऊ वकील आहे, बेळगावात टिळकवाडीला त्याचा ब्लॉक आहे, तो वरचेवर बोलावतो. एकदा जाऊन राहून आल्या. कसं होतं म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "ए.शी. हाय. उकडत न्हाय. पर घरात दिसभर कोण नसतंय गं, बोलायचं कुनासंगं?" रविवारी सकाळी विहारात वंदनेला जातात. तिथून घरी आल्यावरही रविवार बराच शिल्लक असतो.

म्हणून सोमवारी आक्कांच्या तोंडाला खंड नसतो. दोन दिवसांचं साठलेलं बोलणं त्या सकाळपासून बाहेर काढतात. मांजर कसं व्यायलं, शेजारणीनं भिंत कशी पुढं घेतली, नळाला पाणी कधी आलं. आणि त्यांचा डबा. एवढा मोठा डबा की दोन हातांनी उघडावा लागतो. झुणका, भाकरी, वांग्याचं भरीत, वर लसणीची चटणी. सगळ्यांना वाढून उरतं. एकदा मी म्हणाले, आक्का, एकट्या माणसाला एवढं कशाला करता. त्या म्हणाल्या, "हाताला दोघींचंच माप म्हाईत हाय, काय करू?"

तर अशा या आमच्या आक्का. आता त्या रजेची गोष्ट सांगते.

आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस बेंगळूरला. तिथून जे काही येतं ते कन्नडमध्ये येतं आणि फळ्यावर लागतं. त्या दिवशी हिरेमठ साहेब बेळगावला मीटिंगला गेले होते. नोटीस आली ती आधी आक्कांच्या हातात. कचेरीत हिरेमठ साहेबांखालोखाल कन्नड चांगलं येतं ते त्यांनाच. माझं कन्नड शाळेत पास होण्यापुरतं, माने अण्णांचं एसटीच्या पाट्या वाचण्यापुरतं. आक्कांनी नोटीस वाचली, घडी घातली आणि माने अण्णांपुढं ठेवली.

"काय हाय आक्का?" अण्णांनी विचारलं.

"मला चष्मा न्हाय," आक्का म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता. पण अण्णांचं लक्ष कागदाकडं होतं आणि आक्का पंख्याच्या बटणाकडं गेल्या होत्या.

अण्णांनी पाटी वाचल्यासारखं एकेक अक्षर जोडायला घेतलं. "ऋ-तु-बं-ध. र-जे. रजे म्हंजे रजा." इथपर्यंत बरोबर होतं. "ऋतु म्हंजे काय? हंगाम. बंध म्हंजे बंद. हंगाम बंद झाल्यावरची रजा." त्यांनी पुढं बोट फिरवलं. "आन् पगारी हाय."

कचेरीत आनंदीआनंद झाला. त्याला कारणही होतं. आमचा धंदा हंगामाचा. तंबाखू यायला लागली की मरायला फुरसत नसते आणि पावसाळा लागला की वखारीत माशा मारत बसावं लागतं. त्या दिवसांत रजा द्या म्हणून माने अण्णा वर्षानुवर्षं मागणी करत होते. अखेर बेंगळूरनं ऐकलं, असं त्यांना वाटलं. पावसाळ्याची रजा थंडीतच मागून ठेवलेली बरी, म्हणून त्यांनी लगोलग अर्ज खरडला. खाली जाऊन हमालांचे, वॉचमनचे, ड्रायव्हरचे अर्ज लिहून घेतले आणि सगळे अंगठे-सह्यांसकट बेंगळूरला पाठवून दिले. मलाही म्हणाले, तू पण टाक. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मी आक्कांकडं बघितलं. त्या मानेला रुमाल लावून खिडकीबाहेरचे ट्रक मोजत होत्या.

दोन दिवसांनी बेंगळूरहून फोन आला. एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी. अण्णांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्यावर कानटोपी असते, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"मानेजी, ये छुट्टी आपने अपने लिए माँगी है?"

"हां मॅडम. मेरे लिएच."

"मतलब, आपको तकलीफ है?"

"बहुत है. हर साल होती है."

"हर साल?"

"बारिश लगी की चालू होती है मॅडम. गणपती तक रहती है."

"क्या होता है?"

"कुछ नहीं होता, वहीच तकलीफ है. बैठ बैठ के कमर जाती है. मन नहीं लगता. हमारे गोडाऊन में सब पुरुष लोगों को ऐसाच है."

मग पलीकडून दोन-तीन जणींच्या हसण्याचा आवाज आला. मुलगी खोकली, सावरली आणि तिनं इंग्रजीत तो शब्द सांगितला. अण्णांनी स्पीकर चालू असतानाच मान वळवून मला विचारलं, "वैशाली, मेनोपॉज म्हंजे काय गं?"

मी या बाबतीत भिडस्त नाही, पण समोर आक्का होत्या. मी म्हणाले, "घरी जाऊन वहिनींना विचारा."

फोनवरच्या मुलीनं पुढचं मला समजावून सांगितलं. ज्या बायकांची पाळी जायची वेळ आली आहे, त्यांना त्रास होईल त्या दिवशी घरी राहता यावं म्हणून ही रजा. डॉक्टरचं सर्टिफिकेट नको, कारण सांगायला नको, मॅनेजरला नुसतं कळवायचं. कचेरीतल्या बायकांना आहे तशी चाळणीवरच्या कायम बायकांनाही आहे, हजेरी मोडत नाही. पण मार्चअखेर बघणार. कुठल्याच शाखेतून कुणी घेतली नाही तर गरज नाही असं धरून बंद करणार. "और अब तक," ती म्हणाली, "सिर्फ आपके यहाँ से अर्जी आई है. चौदह पुरुषों की."

अण्णांनी त्या रात्री वहिनींना विचारलं असावं. दुसऱ्या दिवशी आले ते खाली मान घालून. कुणाशी न बोलता सरळ पंख्याकडं गेले, तो स्वतःच्या हातानं पाचावर केला, खिडकी उघडली आणि शिंका दाबत जागेवर जाऊन बसले. बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आक्कांनी हे बघितलं. त्या उठल्या, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि येऊन कामाला लागल्या. दिवसभर त्यांनी पंख्याला हात लावला नाही. घाम कानामागून निथळत होता, ब्लाउजची पाठ भिजली होती, पण तांब्यात रुमाल बुडवायलाही तयार नाहीत. मी पंखा लावायला उठले तर म्हणाल्या, "बस खाली. मला काय धाड भरलीया?" आवाज असा होता की मी बसले. तोवर आक्कांचा उकाडा हा हवेचा दोष होता. आता तो त्यांचा झाला होता, सगळ्यांना माहीत झाला होता, आणि सगळे त्यांच्याशी आजाऱ्याशी वागावं तसं हळू वागायला लागले होते. मला तेव्हा त्यांची फार कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला.

दोन-तीन दिवस असे गेले. शेवटी मीच वैतागून म्हणाले, "आक्का, पंखा लावा नाहीतर मी शाल घरी ठेवून येते. मला कुणाशी तरी भांडल्याशिवाय करमत नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पंखा तीनवर केला. मग चारवर. गाडी रुळावर आली.

हिरेमठ साहेब धारवाडकडचे, अतिशय सज्जन आणि अतिशय लाजाळू. त्यांचं मराठी लिंगभेद मानत नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावून खुलासा केला. तो शब्द मात्र त्यांच्या तोंडातून कुठल्याच भाषेत निघेना. बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवून म्हणाले, "ते जो हंगाम बंद रजा आहे, तो लेडीजसाठी आहे. ज्याला पाहिजे तो येऊन सांगा, मी कारण विचारणार नाही." झालं. अण्णांची चूक साहेबांनीच पक्की करून टाकली. त्या दिवसापासून आमच्याकडं त्या रजेचं नाव हंगामबंद रजा. खालच्या बायकांनाही ते आवडलं. हंगाम बंद हे वखारीत मोठ्यानं म्हणता येतं, पुरुषांसमोर म्हणता येतं, कुणी पदर तोंडाला लावायला नको.

पण शब्द मिळाला तरी रजा मागायला कुणी येईना.

खाली यल्लव्वा होती. आक्कांच्याच वयाची, चाळणीवरची जुनी बाई. त्या महिन्यात तिचा रंगच गेला होता. अंगावरून जायचं थांबत नव्हतं, चक्कर येत होती, वजनाची चिठ्ठी घेऊन वर यायची तर जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायची. मी तिला म्हणाले, यल्लव्वा, रजा घे, डॉक्टरला दाखव, हजेरी मोडत नाही. ती म्हणाली, "बेडा ताई, नको. आक्कासारकी शिकलेली बाई घेईना, आनि मी चाळनीवरची मागू? बाया म्हनतील, बगा हिला म्हातारपन आलं, आता काडा हिला."

मी हे आक्कांच्या कानावर घातलं. त्यांचं म्हणणं, "मग घे म्हनावं की तिला." मी म्हणाले, "तुम्ही घेतल्याशिवाय ती घेणार नाही."

"मी घिऊन काय करू? मला काय धाड..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

मला माहीत होतं. दुसऱ्या शनिवारच्या नावानं जिचा चेहरा उतरतो तिला मी आणखी एक सुट्टी घ्या म्हणून सांगत होते.

मार्चमध्ये एका दुपारी खालून आरडाओरडा आला. यल्लव्वा चाळणीशी उभ्या उभ्या कोसळली होती. आम्ही धावत गेलो. तिला पोत्यांना टेकून बसवलं होतं, भोवती बायकांचा घोळका. आक्कांनी घोळका बाजूला केला, तिच्या मानेला आपला ओला रुमाल लावला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच खकाण्यात बसल्या. यल्लव्वा डोळे उघडल्यावर पहिलं काय म्हणाली, तर "मी करतो, मी करतो, चाळनी द्या." आक्कांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मग त्या उठल्या. जिना चढून न थांबता केबिनमध्ये गेल्या आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं. खाली वखारीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, उद्या माझा हंगाम बंद. रजा पायजे. आन् यल्लव्वाचाबी बंद. तिला डाक्टर सांगल तवर. दोघींची लिवा."

हिरेमठ साहेब उभे राहिले होते. "हो, हो, घ्या आक्का," एवढंच म्हणाले. खाली बायका वर बघत होत्या. यल्लव्वा पदरानं डोळे पुसत होती. माने अण्णा जिन्यात उभे होते, पंख्यापायी मार्चातही न सुटलेली कानटोपी त्यांनी काढून हातात घेतली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आक्कांनी पंखा पाचावर केला आणि जागेवर येऊन बसल्या. त्या वखारीत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली रजा.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पंखा बंद, खिडकी बंद. कुणी शिंकलं नाही. मार्च महिना होता, खरं तर उकडत होतं, पण पंखा लावायला कुणी उठेना. अण्णा दोनदा म्हणाले, "लई गप्प गप्प वाटायलंय, न्हवं?"

दुपारी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला तंबाखूचा नमुना पाठवायचा होता. आम्ही तो एसटीच्या कंडक्टरकडं देतो. पुडकं घेऊन मी स्टँडवर गेले. कोल्हापूरच्या फलाटावर गाडी लागलेली नव्हती, म्हणून बाकाकडं वळले, आणि बाकावर आक्का.

रोजचीच इस्त्रीची साडी, रोजचीच पर्स, मांडीवर तो दोन हातांनी उघडायचा डबा. मला बघून एखाद्या पोरानं शाळा चुकवताना मास्तर बघावा तशा दचकल्या. मग बाजूला सरकून जागा केली.

"पाहुणे येणार आहेत का कुणी?" मी विचारलं.

"न्हाय गं."

"मग डॉक्टरकडे आलात?"

"न्हाय." डब्याच्या झाकणावरून हात फिरवत म्हणाल्या, "रोजच्या गाडीनं आलो. सकाळी उटलो, आंगूळ केली, भाकऱ्या केल्या. डबा भरल्यावर ध्यानात आलं, आज रजा हाय. मग भरलेल्या डब्याचं काय करायचं? आलो."

"सकाळपासून इथंच बसलायत?"

"हितं बरं वाटतंय. माणसं येत्यात, जात्यात. कोण गाडी कुठली इचारतंय, सांगायचं." त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "यल्लव्वा बरी हाय का?"

"झोपलीय म्हणे. डॉक्टर बघून गेले, सून जवळ बसलीय."

"बरं झालं. तिला रजा लागतीच." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझी आई रातीचं वराडायची, बाई खिडकी लाव, गारठून मारतीस का मला. लई भांडायचो आमी त्या खिडकीवरनं. आता रातभर सताड उगडी असती. पंखाबी कितीबी फिरव. कोण काय म्हनत न्हाय."

मी पुडकं मांडीवर धरून बसले होते. त्या हसल्या, पण नीट नाही. "त्या अण्णानं चांगलं नाव काडलं बग. हंगाम बंद. म्या रातीचं पडल्या पडल्या इचार केला, वैशे, माझा हंगाम लागलावता कवा? एकदा दोनदा सोयरीक आली, तवा भाऊ शिकत हुता. मग आई. लागलाच न्हाय, आन् बंद झाला म्हनत्यात."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. आक्कांनी पदराचा शेव माझ्यापुढं केला, जणू दुखणं माझंच होतं. म्हणाल्या, "रडायला काय झालं? तिकडं साहेब वाट बगत आसतील. पुडकं दे आन् जा. म्या बसतो संध्याकाळच्या गाडीपर्यंत. रजा घिऊन जाऊ कुठं, सांग."

मी फोन काढला आणि साहेबांना लावला. "साहेब, मी परत येत नाही. माझाही आज हंगाम बंद."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हो हो, घ्या, काही सांगू नका," म्हणून साहेबांनी घाईघाईनं फोन ठेवला.

आक्का माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होत्या. "वैशे, तुझं वय काय गं?"

"साहेबांनी विचारलं नाही. तुम्ही कशाला विचारता?"

त्यांनी डबा उघडला. भाकरी अर्धी मोडून माझ्या हातात दिली, वर चटणी ठेवली, भरीत ठेवलं. "तोंड बारीक झालंय तुझं, खा," म्हणाल्या. आम्ही खायला लागलो. भूक दोघींनाही होती.

कोल्हापूरची गाडी लागली. मी उठून पुडकं कंडक्टरच्या हातात दिलं आणि परत येऊन बसले. त्यानं घंटी वाजवायच्या आधी दारातून वाकून बघितलं. दोन बायका, पर्स, डबा, म्हणजे प्रवासीच असणार.

"ओ आक्का, चला लवकर. कोल्हापूर न्हवं?"

"न्हाय रं बाबा," आक्का घास गिळून म्हणाल्या. "जा तू. आमी दोघीबी आज रजेवर हाय."